बँक, किक आणि आमची ठकी

"सून गुणाची हाय गो, त्यात काय वाद नाय. पण घरात हाय का नाय, ते बघायला आत जावं लागतं. आमची ठकी तरी दुधाच्या टायमाला म्याव करते."

हे वाक्य आमच्या सासूबाईंचं. ऐकत होत्या शेजारच्या शेवंताकाकी. आणि जिने ऐकायचं नव्हतं ती मी, दोघींपासून चार हातांवर, दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीच्या पलीकडे, हातात कुरडयांचं ताट घेऊन उभी.

ठकी ही आमची मांजर.

आता अशा वेळी माणसाने करायचं तरी काय? गोधडी बाजूला सारून "अहो, मी इथेच आहे" म्हणावं, तर त्या दोघींची पंचाईत. गप्प राहावं, तर आईंचं म्हणणं तिथल्या तिथे खरं! मी ताट घेऊन उलट्या पावली आत गेले. पैंजणसुद्धा वाजलं नाही. काकींना पुरावा हवा असता तर यापेक्षा चांगला मिळाला नसता.

त्या गोधडीमागे मी ठरवलं, की या घरात आपण बोलायचं. आणि मी बोलले. काय बोलले आणि त्याने काय झालं, ते ऐकायचं असेल तर चहा जरा जास्त ठेवा. कारण स्वतःची फजिती सांगायला मला कधी नव्हे ती भरपूर शब्द सुचतात.

आधी एक स्पष्ट करते. मी मुकी नाही. माझं माहेर महाडचं. आमच्याकडे बाबा आणि दादा दोघंही असे बोलतात, की माझी पाळी येईपर्यंत विषय बदललेला असतो. तेवीस वर्षं मी पाळीची वाट बघितली. त्याची सवय झाली, एवढंच. मग लग्न होऊन पोलादपूरला आले. एसटीने अर्ध्या तासाचं अंतर, पण इथेही तेच. सासरे अण्णा बोलतात, आई बोलतात, आमचे हे, म्हणजे महेश, बोलतात, आणि धाकटा दीर सागर मुंबईहून सुट्टीला आला की चौघांचं मिळून एकटा बोलतो.

आणि सगळे बोलतात एकाच विषयावर. टेबल!

त्याचं असं झालं. महाबळेश्वरला वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आमचं चहा-भजीचं हॉटेल. मागे घर. मध्ये एक शेड, तिच्यात अण्णांची भाताची पोती. वर महाबळेश्वरला एक रिसॉर्ट बंद पडलं, आणि ह्यांनी तिथलं पूल टेबल उचलून आणलं. ते काठीने चेंडू ढकलायचं, हिरव्या कापडाचं, सहा भोकांचं. आंबेनळी घाटातून टेम्पोने उतरवलं. त्या कापडाखाली तीन दगडी लाद्या असतात, हे टेम्पोतून काढताना सगळ्यांना कळलं. चौघांच्या कमरा धरल्या.

अण्णा लाद्यांकडे बघत म्हणाले, "म्हेश्या, दगड आणायला महाबळेश्वरला गेलास? आपल्या शेतात काय कमी होते?"

पोती ओसरीवर आली, त्यांच्यावर ताडपत्री आली, आणि अण्णांचा हुकूम आला. "पाऊस लागेपर्यंत ठेव. तवर पोरं आली तर आली. नायतर माझी पोती परत शेडमध्ये, नि तुझे दगड गटारावर टाकायला."

हे झालं लग्नाआधी. मी येऊन दोन महिने झाले, मे महिना तोंडावर आला, तरी टेबलावर खेळणारे एकूण दोघं. एक हे. दुसरा सागर, तोही सुट्टी असेपर्यंत. जेवताना ह्यांचं लक्ष शेडकडे. अण्णा रोज जेवण झालं की अंगणात येऊन आभाळाकडे बघत, आणि मग ह्यांच्याकडे बघत.

तर मला बोलायचं होतं, आणि बोलायला विषय एकच. पण त्यात मला शब्द कळेल तर शपथ! जेवताना सागर म्हणे, "काय बँक बसला भाई, एकदम कडक!" हे म्हणत, "बँक कसला, किक होता तो." "किक नाय, बँक!" "किक!" आमटी थंड होई. अण्णा म्हणत, "दोघांना एक एक लाथ देतो, म्हणजे किक कुठली ते कळेल."

मग मी शिकायला घेतलं. दुपारी घर आडवं झालं की मी फोन घेऊन कोपऱ्यात. तिथे एक परदेशी गृहस्थ बाण काढून काढून समजावत. पांढरा बॉल, रंगीत बॉल, टेबलाची रबरी कड म्हणजे कुशन, भोक म्हणजे पॉकेट. इकडून बाण, तिकडून बाण. मला एवढंच कळे, की या माणसाचं अक्षर फार सुंदर आहे.

चौथ्या दिवशी उजेड पडला. तो पाडला आईंनी.

त्याचं काय आहे, 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण तुम्हाला ठाऊकच आहे. सुनेला सरळ बोलायचं नाही. लेकीला बोलायचं, सुनेला आपोआप लागतं. आता आईंना दोन्ही मुलगे. लेक नाही. म्हणून काय एवढी चांगली म्हण वाया घालवायची? घरात ठकी आहे ना!

त्या दिवशी मी फोनमध्ये बाण बघत लवंडले होते. माझ्या पायाशी ठकी. आई दारात येऊन ठकीला म्हणाल्या, "काय गो ठके, उन्हं कलली तरी लोळतेस? माहेरी आलीस का काय? उठ, भांडी कोण घासणार?"

ठकी हलली नाही. मी ताडकन उठले. आणि उठता उठता माझ्या डोक्यात तो परदेशी गृहस्थ आपले सगळे बाण घेऊन लख्ख उभा राहिला.

हाच किक शॉट! आईंचे शब्द म्हणजे पांढरा बॉल. ठकी म्हणजे कुशन. पांढरा आधी कुशनवर आपटतो, आणि तिथून उलटून रंगीत बॉलला लागतो. रंगीत बॉल कोण, हे मी सांगायला नको.

मग बँक कुठला? तोही मी घरात रोज मारत होते, आणि मला पत्ता नव्हता. मला माहेरी जायचं असलं की मी आईंना विचारत नसे. मी ह्यांना म्हणायची, "महाडला फणस पिकलेत म्हणे." हे तडक आईंकडे जात. तिथे आपटत. आणि परत येऊन सांगत, "रविवारी जाऊन ये." बॉल पॉकेटात! म्हणजे बँकमध्ये पांढरा थेट रंगीत बॉलला लागतो, आणि कुशनवर जाऊन आपटतो तो रंगीत बॉल. किकमध्ये आपटतो पांढरा. एवढाच फरक. ह्यांना आईंनी अण्णांकडे धाडलं आणि तिथूनही आपटून ते परत आले, तर तो डबल बँक. त्यात बॉलचा वेग फार कमी होतो. कधी कधी मध्येच थांबतोसुद्धा.

पुढचं सोपं गेलं. आडवा समोरच्या लांब कुशनला पाठवून उलट आपल्या बाजूच्या मधल्या पॉकेटात आणला तर क्रॉस-साइड. लांबीने पाठवून आणला तर लाँग बँक. मारण्याआधी मोठ्याने सांगायचं, कुठला बॉल, कुठलं कुशन, कुठलं पॉकेट. न सांगता बसला तर धरत नाहीत. हा शेवटचा नियम वाचून मात्र मला वाटलं, हा खेळ माझ्यासाठी नाही.

आठवडाभराने मुंबईचे दोघं महाबळेश्वरला जाताना भजी खायला थांबले आणि टेबलावर गेले. थोड्या वेळाने शेडमधून आवाज चढले. बँक बोलून मारला होता, बॉल बसला, आणि समोरचा तो मानेना. हे पंच. ह्यांचा चेहरा असा, की आत्ता रडतील. मी चहा घेऊन गेले होते.

"किक," मी म्हणाले.

सगळे एकदम वळले. ह्यांनी तर आधी ट्रेकडे बघितलं, आवाज कुठून आला म्हणून.

"काय म्हणालीस?"

"पांढरा आधी कडेला लागला. मग रंगीत बॉलला. म्हणजे किक. बँक बोलून किक बसला, तर धरायचा नाही."

सागरने फोन काढला. दोन मिनिटं शोधलं. मग डोळे विस्फारून म्हणाला, "भाई! वहिनी बरोबर हाय!"

बस. एवढंच बोलले हो मी! पण तीन महिन्यांत पहिल्यांदा बोललेलं माणूस बरोबर निघालं, की त्याचं काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला शेडमध्ये एक स्टूल मिळालं. मी बसायची, कांदे चिरायची, आणि कुणी अडलं की मान वर न करता सांगायची. "क्रॉस-साइड." "लाँग." "दोनदा आपटला, डबल." लोक माना डोलवायचे. फाट्यावरचे रिक्षावाले येऊन उभे राहायला लागले.

आणि गंमत बघा. जी माझी गप्प बसायची खोड होती, तिचंच आता कौतुक!

"वहिनी कमी बोलते," सागर लोकांना सांगे, "पण ज्याला येतं ना, तो कमीच बोलतो."

"खेळताना बघितलंस का तू तिला?" कुणीतरी विचारलं.

"आपल्यासमोर कशाला खेळेल? आपली लायकी काय!"

आता खरं सांगू? काठी मी हातातसुद्धा धरली नव्हती.

मग निघाला तो कप. माझ्या रुखवतात आईने, माझ्या आईने, शेवया आणि क्रोशाच्या रुमालांच्या मध्ये शाळेतला एक कप मांडला होता. त्यावरची अक्षरं कधीच उडून गेलेली. कप होता कॅरमचा. उत्तेजनार्थ. मुलींमध्ये आम्ही तिघीच होतो, हेही सांगून टाकते. अण्णांनी तो कपाटावरून काढला, धोतराने पुसला आणि हॉटेलच्या गल्ल्यामागे ठेवला.

"सूनबाईचा हाय," ते गिऱ्हाइकांना सांगू लागले. "ह्याच खेळातला. महाडात मारलाय."

त्या संध्याकाळी अण्णांनी आभाळाकडे बघितलं नाही.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही हं! त्याच दिवशी ह्यांना गाठलं.

"अहो, ऐका ना. तो कप—"

"दिसला! काय भारी दिसतोय तिथे!"

"नाही, म्हणजे मला तसं काही—"

"तुला तसं काही मिरवायचं नाही. माहितीये मला. म्हणून तर तू तू आहेस!"

"अहो, मला खेळ—"

"खेळायचंय? थांब, त्याचंच बघतोय!" आणि हे गेले.

पाळी येईपर्यंत विषय बदलला. माहेर काय, सासर काय!

दोन दिवसांनी शेडवर बोर्ड. सागरच्या हातचा, लाल रंगात. 'येथे बँक शॉट शिकवले जातील. महिला एक्स्पर्ट.' एक्स्पर्टमधल्या 'क्स'च्या जागी त्याने यक्षातला 'क्ष' काढला होता, पण वाचणाऱ्यांना कळत होतं. महिला कोण, तेही कळत होतं. रस्त्यावरून जाणारे कांदे चिरणाऱ्या माझ्याकडे वाकून बघत.

बोर्डाची बातमी महाडला गेली. तिथे बाळाशेठ नावाचे एक गृहस्थ आहेत. पोट सुटलेलं, आवाज मऊ, आणि खेळात पक्के. त्यांच्याभोवती खेळणारी दहा-बारा पोरं. त्यांनी ह्यांना फोन केला.

"रविवारी चारला येतो. आमचा हॉल आता मोडतोय, पोरांना जागा पाहिजेच आहे. तुझ्या बायकोने एक बँक मारून दाखवायचा. नीट बोलून मारायचा. बसला तर दर रविवारी माझी पोरं तुझ्याकडे. नाय बसला तर बोर्ड उतरव. बास."

ह्यांनी फोन ठेवला आणि चक्क अण्णांना मिठी मारली. अण्णा म्हणाले, "बाजूला हो, घाम आलाय." पण तेही हसत होते. आईंनी माझ्यासाठी ताकाचा पेला भरून आणला. माझ्यासाठी! ठकीला न विचारता!

आता तुम्हीच सांगा, त्या पेल्याकडे बघत "मला येत नाही" म्हणायला कुठली जीभ उचलते?

मी ठरवलं, शिकू. एकच तर शॉट आहे. क्रॉस-साइड बँक. कागदावर मला तो पूर्ण येत होता.

रविवारी दुपारी घर आडवं झालं, तशी मी शेडमध्ये गेले. मागे ठकी. टेबलावरची चादर काढली, काठी घेतली, वाकले. पहिल्या खेपेला काठी बॉलच्या वरून गेली. दुसऱ्या खेपेला खालून. आठव्या-नवव्या खेपेला बॉल गेला बाई एकदाचा, पण कुशनपर्यंत पोचता पोचता दमला. पुन्हा मारला, पुन्हा दमला. मे अखेरची ती चिकट हवा, दोन दिवस ढग धरलेले. कापड नुसतं दमट.

आणि इथे माझ्यातली उत्तेजनार्थ कॅरमपटू जागी झाली!

कॅरमबोर्ड जड झाला की काय करतात? पावडर टाकतात. आमच्याकडे पावडर संपली की बाबा स्वयंपाकघरातून तांदळाचं पीठ आणत. चिमूटभर भुरभुरवलं की सोंगट्या कशा सुळसुळत! एवढी साधी गोष्ट ह्या लोकांना सुचू नये?

मी भाकरीच्या पिठाचा डबा आणला. कॅरमबोर्ड केवढा आणि हे टेबल केवढं! म्हणून चिमटीऐवजी मूठ घेतली. चार मुठी.

हसताय? हसा. लाकडावर पीठ तरंगतं. कापडात ते शिरतं. माझा बॉल दोन वीत गेला आणि बैलगाडी चिखलात रुतावी तसा बसला. पाठीमागे पांढरी रेघ. तेवढ्यात ठकी टेबलावर चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी करून आली, आणि तिची पावलं लक्ष्मीच्या पावलांसारखी उमटली.

घाबरून मी हाताने झटकलं. बरंचसं निघालं, ठकीची पावलं तेवढी दाबून बसली. पण माझ्या बाजूच्या मधल्या पॉकेटापाशी, जिथे मूठ मोकळी केली होती, तिथलं निघेना. मग मी काय केलं असेल?

ओलं फडकं.

तांदळाचं पीठ, पाणी आणि वरून हाताचा दाब. पोलादपुरातल्या कुठल्याही बाईला विचारा, याचं काय होतं. मी पुसत होते आणि माझ्या हाताखाली व्यवस्थित भाकरी तयार होत होती. गोल. कडा फुटलेल्या नाहीत. पंखा पाचवर केला. भाकरी वाळली आणि तिचा पापड झाला. हिरव्या कापडावर, ताटाएवढा, पांढुरका. बाहेर गाड्यांचे आवाज आले. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा जागेवर ठेवला, टेबलावर चादर घातली, आणि तोंड धुवायला गेले.

चार वाजता शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. बाळाशेठ, त्यांची पोरं, रिक्षावाले, शेवंताकाकी, हॉटेलातली भजी अर्धी टाकून आलेली गिऱ्हाइकं. दाराजवळ आई, त्यांच्या कडेवर ठकी. सागरने चादर ओढली. मी पटकन पापडाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. पण सगळे बघत होते माझ्याकडे. टेबलाकडे कोण बघतंय?

बाळाशेठनी काळा आठ नंबर मध्ये ठेवला, पांढरा लावून दिला, आणि मऊ आवाजात म्हणाले, "बोला वहिनी."

बोला!

मी काठी उचलली. ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी दोन्ही हात छातीशी धरले होते, देवळात धरतात तसे. अण्णा दारातून एकदा बाहेर, आभाळाकडे बघून आले.

"आठ नंबर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी. "थेट समोरच्या लांब कुशनला. तिथून उलट, माझ्या बाजूच्या मधल्या पॉकेटात. क्रॉस-साइड बँक."

या घरात आल्यापासून मी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य. शेडमध्ये टाळ्या पडल्या! अजून मारलाही नव्हता हो!

"बोलली रे बोलली!" अण्णा ओरडले.

मी वाकले, डोळे मिटले आणि मारलं.

आता यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. पांढरा आठला लागला. आठ सरळ समोर गेला, कुशनवर आपटला, वळला, आणि जसा त्या परदेशी गृहस्थाने बाण काढला होता तसाच्या तसा माझ्या मधल्या पॉकेटाकडे निघाला. ह्यांनी हात वर केले. सागरने शिट्टीसाठी बोटं तोंडात घातली. बॉल येतोय, येतोय, पॉकेट चार बोटांवर—

कुर्रर्र.

आणि थांबला. पापडात.

शेडमध्ये एवढी शांतता पसरली, की मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

बाळाशेठ पुढे आले. वाकले. नखाने एक तुकडा उचलला, नाकाशी नेला, आणि सगळ्यांसमोर जिभेला लावला.

"महेश," ते म्हणाले, "ही भाकरी आहे."

"काय?"

"तांदळाची. मीठ कमी आहे."

"भाई, हे बघ!" सागर टेबलावर जवळजवळ झोपला. "पावलं! मांजरीची पावलं हायत सगळीकडे! ठकीनं पीठ सांडलं!"

"ठकीनं?" अण्णांचा चेहरा फिरला. पोरांकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. "घाला त्या भवानीला पोत्यात नि सोडून या सावित्रीपल्याड. नि येताना दोघं जण थांबा, पोती आत घ्यायची हायत. झाला खेळ."

हे टेबलाच्या कडेवर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यांना तसं गप्प बघून मला कळलं, गप्प माणसाकडे बघायला किती त्रास होतो ते.

बाळाशेठ पापडाकडे निरखून बघतच होते. "पीठ मांजर सांडेल हो," ते सावकाश म्हणाले. "पण पुसेल का?"

तेव्हा आई पुढे आल्या. ठकी कडेवरच. त्यांनी टेबलाकडे एकदाच बघितलं. भाकरी कुणाच्या हातची आहे, हे सासूला कडेवरून कळतं. मग त्यांनी ठकीला तोंडासमोर धरलं, आणि तिच्या डोळ्यांत बघून, भरल्या शेडमध्ये, शांतपणे म्हणाल्या,

"काय गो ठके, पीठ तू सांडलंस? बरं. सांडलंस ते सांडलंस, ओल्या फडक्यानं पुसलंस? नि डब्याचं झाकण परत घट्ट लावून ठेवलंस? गुणाची हायस हो! मग आता गप का? तोंडात उंदीर धरलायस? चार माणसांत एकदा बोल तरी, नायतर निघालीस बघ नदीपल्याड."

सगळे ठकीकडे बघत होते. शेडमध्ये त्या क्षणी एकच माणूस असं होतं, ज्याला हा शॉट कुठला ते कळलं. पांढरा सुटला, कुशनवर आपटला, आणि ज्याला लागायचा त्याला बरोब्बर लागला. महिला एक्स्पर्टची खात्री होती. किक.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून ठेवते, कारण निदान या गोष्टीत तरी शेवटचा शब्द मला हवा आहे. बाळाशेठ एवढे हसले, की त्यांना माझ्याच स्टुलावर बसवावं लागलं. दर रविवारी त्यांची पोरं येतात. खेळायला येतात, पण त्याआधी पापड बघतात. खरवडला तरी त्याची गोल खूण राहिलीच आहे, आणि तिथून बॉल अजूनही जरा वळतो. त्या वळणाला माझं नाव दिलंय. अण्णांची पोती पावसाळाभर ओसरीवर राहिली. सागरने बोर्डावरचं 'एक्स्पर्ट' पुसून 'उत्तेजनार्थ' लिहिलं, आणि ते मात्र एका फटक्यात शुद्ध लिहिलं.

पण हे सगळं नंतर. त्या क्षणी आई ठकीला धरून उभ्या होत्या, ठकी पाय झाडत होती, हे मान खाली घालून उभे होते, आणि माझी पाळी आली होती. विषय बदललेला नव्हता. मी काठी टेबलावर ठेवली, पिठाचे हात पदराला पुसले, दोन पावलं पुढे झाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने आईंना म्हणाले,

"म्याव."